ऐकत नाही

सहावी बाटली. गुलाबी, केळ्याच्या वासाची.
फ्रिजच्या दारात मोहरीशेजारी उभी असते
आणि ती दिसली की आमारो तोंड घट्ट मिटतो,
जे तोंड एरवी मिटतच नाही.

झोपेत तर नाहीच.
अडीच वर्षांचं पोर, म्हाताऱ्या खलाशासारखं घोरतं,
मग मध्येच थांबतं.
मी मोजते. एक, दोन, तीन, चार.
एकदा सातवर मी त्याला उचलून बसवलं होतं.
निबाल्दो म्हणाला, झोपू दे ना त्याला.

डॉक्टर ओयार्सूननी पावतीच्या मागे चित्र काढलं:
हे नाक, हा घसा, आणि इथे, आडोशाला, ही गाठ,
फुलकोबीच्या तुऱ्यासारखी,
कानाच्या नळीच्या तोंडाशी ठाण मांडून.
म्हणून कानात पाणी. पाणी नाही, म्हणाले, गोंदच.
काढायला वीस मिनिटं. भूल पूर्ण.
थांबलात तरी चालेल, वयाबरोबर ती आक्रसते.
आणि माझ्याकडे बघत राहिले.
मला वाटायचं, डॉक्टर सांगतात आणि आपण करतो.

घरात मतांना तोटा नाही.
सासूबाई एदेल्मिरा: कोमट तेलात लसूण.
नणंद: तिच्या ओळखीतली एक मुलगी
भूल उतरल्यावर दोन दिवस आईला ओळखत नव्हती.
निबाल्दो काहीच म्हणत नाही. तो सरपण विकतो.
वाल्दिव्हियात हिवाळाभर छपराछपरातून जो धूर निघतो
त्यातला थोडा त्याच्या ट्रकमधून गेलेला असतो.
घरात लाकूड जाळता का, डॉक्टरांनी विचारलं
तेव्हा तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.
त्या रात्रीपासून आमची शेगडी थंड आहे.
आम्ही कोट घालून जेवतो.

मी नदीकाठच्या बाजारात मासे साफ करते.
दिवसाला दीडशे, सिएर्रा आला तर जास्त.
पात्याला मी कधी घाबरले नाही.
कुठे टोचायचं, कुठे थांबायचं, बोटांना ठाऊक असतं.
पण माशाला भूल देत नाहीत,
आणि मासा सकाळी मला आई म्हणालेला नसतो.

थांबूया, असं ठरवलंच होतं मी. उन्हाळ्यापर्यंत.
मग मंगळवारी शेजारीण आजारी, म्हणून त्याला बाजारात आणलं.
आमच्या फळीमागे, कठड्याखाली, समुद्रसिंह लोळत असतात,
म्हशीएवढे, डोक्याशेपट्यांसाठी भांडतात.
मोठा नर ओरडला.
एका परदेशी बाईची छत्री हातातून पडली.
आमारो पाठ करून बसला होता,
एका शिंपल्यात दुसरा बसवत.
वळला नाही.

ऐकत नाही हो हा.
वर्षभर मी हेच सांगत आले, पाळणाघरात, सासूला, बसमध्ये,
हसत, थोडं कौतुकाने, बापावर गेलाय म्हणत.
एकदा हातावर चापटही मारली, बूट घाल म्हटलं तरी घालेना म्हणून.
ऐकत नाही.
एवढंसं वाक्य,
आणि मी त्यातला नको तो अर्थ उचलला होता.

हात न धुताच त्याच्या समोर जाऊन बसले,
नर कसा ओरडतो ते करून दाखवलं.
तो माझ्या ओठांकडे नीट बघत राहिला,
परक्या देशात रस्ता विचारणाऱ्यासारखा,
मग माझ्या गळ्यावर तळवा ठेवला
आणि हसला.

फॉर्मवर दोन सह्या लागतात.
निबाल्दोची आधीच होती.
कधी येऊन करून गेला, बोलला नाही.
मी विचारलं, तो जागा होईल तेव्हा मी असेन ना?
दाराबाहेर, म्हणाली नर्स.
माझ्या अंगठ्याचा एक खवला कागदाला चिकटला होता,
तिने तो नखाने काढला
आणि शिक्का मारला.

तारीख कळवणार आहेत.
आता हा पुन्हा थांबलाय. मी मोजते आहे.
पाच.
सहा.